उचल माफीचा आहेर

मालकाने तुमची उचल माफ केली, तर ती तुमची कमाई झाली का? घाईत "छे" म्हणू नका. मिल्टन कीन्सच्या मधुमतीनेही तसंच म्हटलं होतं, आणि तिला आठशे ऐंशी पौंडांचा खड्डा पडला.

मधुमती रघुवीरच्या केटरिंगमध्ये कामाला. सगळं गाव त्याला भाऊ म्हणतं, तीही म्हणते. म्हणून कुणी नातलग होत नाही, हे पुढे येईलच. सकाळी भाज्या चिरायच्या, दुपारी फोडण्या द्यायच्या, संध्याकाळी व्हॅन काढून एकामागून एक राउंडअबाउट घुमत लोकांच्या वाढदिवसांना वेळेत पोचायचं. नवरा लेक लहान असतानाच मुंबईला गेला आणि तिकडेच रमला. त्याच्यावर याहून जास्त शाई खर्च करायची नाही. पगार पुरेना म्हणून ती घरी ब्लाउज शिवायची, आणि त्या चार पैशांपायी दर जानेवारीला टॅक्स रिटर्न भरायची.

लेकीचं, तनिषाचं लग्न ठरलं. हॉलवाल्याला आगाऊ पैसे हवे होते. मधुमतीने भाऊकडून चार हजार पौंड उचलले. महिन्याच्या पगारातून कापून घ्यायचे ठरले. आणि २००६ च्या जुलैत, ऐन लग्नात, आहेर पुकारायच्या वेळी भाऊने माईक हातात घेतला.

आहेर माईकवर पुकारायची आपली खोड. सातासमुद्रापार आलो, थंडीने गारठलो, पण ती काही सुटली नाही. अमक्यांकडून डिनर सेट, तमक्यांकडून एकावन्न पौंड, असं चाललं होतं. भाऊ घसा खाकरून म्हणाला, "मधुमतीबाई आमच्याकडे इमानदारीने नोकरी करतात. त्यांची चार हजारांची उचल आजपासून माफ. आमच्या फर्मतर्फे हा आहेर."

टाळ्या. कुणीतरी शिट्टीही मारली. मधुमतीने पैसे उसने घेतल्याचं व्याह्यांना माहीत नव्हतं. आता पार्किंगमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांनाही कळलं. तिने हात जोडले. दुसरं काय करणार? चार हजार सुटले होते.

एप्रिल २००७ ला संपलेल्या त्या करवर्षाचं रिटर्न भरायची वेळ आली २००८ च्या जानेवारीत. फॉर्मसोबतची माहिती वाचताना एका ओळीपाशी ती अडखळली आणि तिने टॅक्सच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची बाई ग्लासगोच्या वळणाचं इंग्रजी बोलत होती, पण मुद्दा स्वच्छ होता. मालकाने नोकराला दिलेलं कर्ज सोडलं, तर सोडलेली रक्कम पगारासारखीच धरायची. त्यावर कर. हं, धंदा मालकाच्या एकट्याच्या नावावर असेल आणि त्याने घरच्या नात्यातून पैसे दिले असतील, तर गोष्ट वेगळी.

"तो तुमच्या घरचा आहे का?" बाईने विचारलं.

मधुमती म्हणाली, विचार करून सांगते.

भाऊला कळल्यावर तो थेट किचनमध्येच आला. "त्यात कसला विचार? घरचं म्हणून लिही. फर्म माझ्याच नावावर आहे. तुझा टॅक्स वाचेल, मालक म्हणून भरायच्या नॅशनल इन्शुरन्सचा माझा ताप वाचेल."

"मग माईकवर फर्मतर्फे का म्हणालात?"

"अगं, माईकवर माणूस काहीही बोलतो."

तनिषाचंही तेच. "आई, लिहून टाक ना. भाऊकाका फॅमिलीच आहे. एवढा पैसा तू कुठून आणणार?"

लेकीचं चूक नव्हतं. पैसे नव्हतेच. एक शब्द लिहिला की सुटका. पण मधुमतीच्या डोक्यात त्या बाईचा प्रश्न पिठात पडलेल्या खड्यासारखा राहिला. भाऊच्या घरची मी नेमकी कधी असते? गणपतीत असते, शे-दीडशे मोदक वळायचे असतात तेव्हा. सत्यनारायणाला असते. "तू काय, घरचीच," असं म्हणत तिला बोलवायचे, आणि त्या दिवसाचा पगार मात्र कधी निघायचा नाही. पंगतीत ती शेवटी, तीही ओट्याशी उभ्याने. पगारवाढ मागितली की मात्र धंदा म्हणजे धंदा.

त्याच आठवड्यात भाऊच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. निरोप आला: शनिवारी ये, तिळाच्या वड्या आणि साबुदाणावडे, तू तर घरचीच. मधुमती गेली. वड्या केल्या, वडे तळले, वाण वाटलं. घरी येऊन तिने रिटर्नमध्ये चार हजार पौंड पगाराच्या पानावर लिहिले आणि सही ठोकली. मग शनिवारचं बिल केलं.

सोमवारी बिल तिने भाऊच्या हातात दिलं, किचनमध्ये, दोघंच असताना. चारचौघांत काढलं नाही. ती काही भाऊ नाही.

"घरच्या माणसाने बिल द्यायचं?" तो म्हणाला.

"टॅक्सवाल्यांना मी नोकर आहे असं कळवलंय, भाऊ. तुम्हीच सगळ्यांसमोर सांगितलं होतंत. तुम्हाला खोटं कशी पाडू?"

"आणि माझ्यामागे लागलेलं लचांड?"

"माईकवर माणूस काहीही बोलतो."

आठवड्याने चेक आला, फक्त त्या शनिवारचा. मागच्या गणपतींचं काय, म्हटल्यावर "बघू" म्हणाला. कराचे आठशे ऐंशी पौंड मधुमती हप्त्याने फेडते आहे. गेल्या गणपतीत मोदकांना बोलावणं आलं, ते दर विचारूनच.

तेव्हा इथल्या मराठी मंडळात पुढच्या खुर्चीवर बसणाऱ्या मालक मंडळींनो, एवढं करा: कुणाची उचल माफ करायची असेल तर आधी त्याला एकट्याला गाठून विचारा, आणि वर कराचे पैसे मोजून द्या. ते जमणार नसेल तर माफी राहू द्या, मुकाट्याने पगार वाढवा.