पाऊणरावांचा शेवटचा बोल्ट

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थाला घरात पाऊणराव म्हणत, आणि उगाच म्हणत नसत. न्हाणीघरातली फळी एका स्क्रूवर लोंबत होती. बैठकीच्या तीन भिंतींना रंग लागला होता, चौथी अजून वाट बघत होती. बरं, कामावर हाच माणूस इतका चोख, की त्याने हात लावलेली लिफ्ट पुन्हा कुरकुरायची नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

त्याच्या मुलीने शेवटच्या वर्षाला नर्सिंग सोडलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. दाराखालच्या फटीतून उजेड दिसायचा, पोरगी झोपायचीच नाही. यानं काय करावं? बाहेर उभं राहून भाषण ठोकलं. हाती घेतलेलं तडीस न्यावं, वगैरे वगैरे. आतून आवाज आला, "बाबा, आधी तुम्ही एक तरी गोष्ट पुरी करून दाखवा. मग देते परीक्षा. नाही जमलं, तर विषय पुन्हा काढायचा नाही."

झोंबलं ते. तिरीमिरीतच त्याने ट्रायथलॉनला नाव दिलं. आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नसती उठाठेव! पण पैज लागली ती लागली.

पोहणं नाकातोंडात पाणी जाऊनही निभावलं. सायकलवर अर्धं अंतर कापलं आणि डावं पायंडल डगमगायला लागलं. बघता बघता ते दांड्यासकट निसटलं. बापडा पडता पडता वाचला. दांडा उचलून बघतो तर त्याला धरून ठेवणारा बोल्टच गायब. मग लख्ख आठवलं, आणि त्याने कपाळावर हात मारला.

लिफ्टच्या कामात त्याची एक रीत होती. शेवटचा बोल्ट नुसता हाताने फिरवायचा, लिफ्ट एकदा वरखाली करून बघायची, मगच पान्याने आवळायचा. आदल्या दिवशी सायकल साफ करून हा दांडा परत बसवताना हात आपसूक तसेच चालले. एक चक्कर मारून आवळू, म्हणेपर्यंत बायकोने जेवायला हाक मारली. जेवला आणि आडवा झाला. चक्कर राहिली ती राहिलीच.

घ्या! पाऊणराव ते पाऊणरावच.

थोडा वेळ त्याने एका पायाने सायकल रेटली. मांडी भरून आली, तसा उतरून ढकलायला लागला. मागून टेम्पो आला, थकल्याभागल्यांना उचलणारा.

"बसा काका," टेम्पोवाला म्हणाला. "तुमच्या मागे आता कुणी नाही."

"थांबा जरा," एवढंच त्याच्या तोंडून निघालं. अंगात त्राण उरलं नव्हतं. पण बसलं की पोरीची परीक्षा गेली, हे डोक्यातून जात नव्हतं. टेम्पो बिचारा गोगलगायीसारखा मागे येत राहिला.

इतक्यात समोरून मुलगीच चालत आली. ती आईबरोबर शर्यत संपते तिथे उभी होती. सगळे येऊन गेले, बाबा काही दिसेनात, म्हणून निघाली होती. तिने बापाच्या हातातला दांडा पाहिला, मग त्याचं तोंड पाहिलं.

"बाबा, बसा गाडीत. देते मी परीक्षा. जिंकलात तुम्ही, झालं?"

जिंकला की! पण ती बोलली ते अगदी मेल्या आवाजात, भांडायचंही बळ नसल्यासारखं. तोच आवाज मघाशी टेम्पोवाल्याशी बोलताना त्याच्या स्वतःच्या गळ्यातून आला होता. इतक्या महिन्यांत जे कधी विचारलं नव्हतं, ते त्याने विचारलं.

"तू का सोडलंस गं?"

"आता विचारताय?" ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली. "वॉर्डातल्या एक आजी गेल्या. दिवसभर माझा हात धरून होत्या. सिस्टर म्हणाल्या, चादर बदल, पुढचा पेशंट येतोय. बदलली. मग शेजारची बदलली. बस जरा, असं एकदाही कुणी म्हणालं नाही हो बाबा."

टेम्पोवाला ना नात्याचा ना गोत्याचा, तो आपल्याला बसा म्हणाला. आणि आपण पोटच्या पोरीला दाराबाहेरून ऊठ, ऊठ करत बसलो! स्वतःची भयंकर लाज वाटली त्याला.

सायकल आडवी टाकून तो तिच्याशेजारी बसला. "पैज मी हरलो. परीक्षेचं नाव काढणार नाही. द्यायची तर दे, नाहीतर राहू दे."

"देते म्हणाले ना मी?"

"ते माझी कीव येऊन म्हणालीस. तसलं नको मला."

ती डोळे पुसत राहिली. टेम्पोवाल्याने खाली उतरून सायकल मागे चढवली, आणि बापलेक सायकलीशेजारी बाकावर जाऊन बसले.

शर्यत संपते तिथे टेम्पो थांबला. मागची सायकल पाहून बायको तणतणत आलीच.

"राहिलं ना पाऊण? मला ठाऊकच होतं! अहो, निदान या वेळी तरी..."

पाऊणराव जागचा हलला नव्हता. खांद्यावर मुलीचं डोकं होतं, तिचं तोंड अर्धवट उघडं होतं. त्याने वंगणाने काळ्या झालेल्या बोटाने बायकोला गप्प राहायची खूण केली.

"हळू बोल," तो म्हणाला. "पोरीला आत्ता कुठे झोप लागलीय."