आईसाठी खालची बर्थ

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. बाबा डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात होते आणि तिथल्या युनियनची पत्रकं लिहायचे. ती ठाण्याच्या कोपरीतल्या एका लहान छापखान्यात छापली जायची. शाळेच्या सुट्टीत मी तिथे बसून घड्या घालायचे. आज त्याच छापखान्यात मी मजकूर टाइप करते, प्रुफं तपासते आणि अधूनमधून स्वतःची पत्रकंही काढते. त्यातलं एक रेल्वेतल्या शिफारशीच्या कोट्याविरुद्ध होतं. पुढाऱ्याच्या लेटरहेडवर चार ओळी मिळाल्या की वेटिंगचं तिकीट कन्फर्म होतं, आणि ज्याच्या ओळखीचं कुणी नाही तो वेटिंगवरच राहतो. हे मी लिहिलं आणि ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून पत्रक वाटलं. त्यातला एकही शब्द मला आजही मागे घ्यायचा नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून मी बदलले असं कुणाला वाटायला नको.

आई सत्तावीस वर्षं औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. सगळं काम उभ्याने. गेल्या वर्षी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. तिच्या एका मैत्रिणीने मोबाइलवर जबलपूरजवळच्या भेडाघाटचे फोटो दाखवले होते, पांढऱ्याशुभ्र दगडांमधून जाणारी नर्मदा आणि त्यात होडी. बरी झाले की हे बघायचं, असं आईने हॉस्पिटलातच ठरवलं. उभ्या आयुष्यात आम्ही लग्नकार्याशिवाय कुठे गेलेलो नव्हतो. डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अट घालून. रात्रभर बसून प्रवास करायचा नाही, जमिनीवर बसायचं नाही, शिडी चढायची नाही. खालची बर्थ मिळवा, झोपून जा आणि झोपून या.

तिकीट मी काढलं. छापखान्यात निवडणुकीचं काम होतं, त्यात उशीर झाला आणि तिघांनाही वेटिंग मिळालं. अकरा, बारा, तेरा.

निघायच्या दोन दिवस आधी आईने माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. आत आमच्या भागातल्या पुढाऱ्याचं पत्र होतं, आमचा पीएनआर नंबर घातलेलं.

"खालच्या मजल्यावरच्या काकांनी आणून दिलंय," ती म्हणाली. "उद्याच्या उद्या मुंबईला रेल्वेच्या ऑफिसात पोचवायचं. तू जातेसच तिकडे."

"मी ठाण्यापर्यंत जाते, आई."

"मग ठाण्याच्या पुढे गाडी जात नाही होय?"

"पण हे बरोबर आहे का?"

"माझी पाठ बरोबर नाहीये. तेवढं आधी बघ."

दुसऱ्या दिवशी घराजवळच्या विठ्ठलवाडीहून लोकलने निघाले तेव्हा पाकीट पर्समध्ये होतं. ठाणं आलं आणि मी उतरले. फार विचारही केला नाही. अकरा नंबर आपोआप सुटेल अशी मी स्वतःची समजूत घातली. आणि समजा नाही सुटला, तर कुणातरी अनोळखी आजारी बाईची जागा ढापण्यापेक्षा ते बरं, असंही वाटलं. ती अनोळखी बाई मला अगदी स्पष्ट दिसत होती. संध्याकाळी आईने विचारलं, दिलंस का? मी हो म्हणाले.

चार्ट लागला तेव्हा आम्ही रिक्षात होतो. तिघांत एकच जागा कन्फर्म झाली होती, साइड अप्पर. बाकी दोघं वेटिंगवरच. कल्याण स्टेशनात पोचेपर्यंत बाबांनी माझ्याकडून मोबाइलवर ते तीनदा तपासून घेतलं. मी म्हणाले, आपण जाऊयाच नको. आई म्हणाली, "डबा भरलाय, लॉज ठरलाय आणि पत्र दिलंय. टीसीच्या यादीत असेल नाव. चल."

गाडीत चढलो. आमच्या बर्थच्या खाली साइड लोअरवर दोन फिरते विक्रेते बसले होते, आरएसीवर, दोघांत मिळून एक बर्थ. समोरच्या दोन्ही खालच्या बर्थवर एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांच्या नाकात नळी होती, त्यांना उठवायचा प्रश्नच नव्हता. आजीबाई आपणहून म्हणाल्या, "मी दिली असती गं, पण यांना रात्री दोनदा उठवावं लागतं."

आईने शिडीच्या पहिल्या दांडीवर पाय ठेवला. बाबांनी आणि मी तिला मागून धरलं. दुसऱ्या दांडीवर तिच्या तोंडून असा आवाज आला की बाबांनी तिला उचलूनच खाली घेतलं.

टीसी आला तो कसाऱ्यानंतर. बाबा उठून उभे राहिले.

"साहेबांचं पत्र दिलंय आम्ही," ते म्हणाले.

"कोणत्या साहेबांचं?"

बाबांनी नाव सांगितलं.

"काका, पत्र सगळ्यांचंच असतं. माझ्या यादीत नाही तुमचं."

"एकदा परत बघा ना, साहेब. पेशंट आहे."

"पेशंटला घेऊन वेटिंगवर चढता कशाला मग? भुसावळला कुणी उतरलं तर बघतो."

कारखान्याच्या गेटवर मॅनेजरची गाडी अडवलेला हा माणूस. त्यांच्या पत्रकांत पुढाऱ्यांना साहेब म्हटलेलं मी कधी वाचलं नव्हतं. त्या रात्री दोन मिनिटांत त्यांनी पुढाऱ्यालाही साहेब म्हटलं आणि टीसीलाही. मी पर्स छातीशी धरून उभी होते. पाकीट अजून तिच्यातच होतं.

दोन विक्रेत्यांपैकी एक जण आमच्या वरच्या बर्थवर जायला आनंदाने तयार झाला. दुसऱ्याला मी म्हणाले की तुम्हीही आमच्या सामानावर बसलात तर आईला आडवं होता येईल.

"ताई, सकाळी उतरून मला पाच दुकानं करायचीत," तो म्हणाला. "माझी अर्धी सीट आहे ना, हक्काची? मग तिथेच बसणार."

त्याचं काही चुकलं नव्हतं. माझ्या पत्रकात मी ज्याची बाजू घेतली होती तो हाच माणूस होता.

मग आई त्याच्या समोरच्या अर्ध्या सीटवर बसली, पाठीला दोन उश्या लावून. बाबा दाराजवळ उभे राहिले, मी बॅगेवर. घाटात गाडी हिसके द्यायला लागली तसे आई डोळे मिटून ओठ घट्ट दाबायची. मनमाडपर्यंत ती अधूनमधून काहीतरी बोलत होती. डब्यातल्या पुऱ्या खाऊन घ्या म्हणाली, बाबांना आत येऊन टेका म्हणाली. मनमाडनंतर बोलणं थांबलं. भुसावळला कुणी उतरलं नाही. टीसीही परत दिसला नाही.

उजाडलं तेव्हा तिला डावा पाय हलवता येत नव्हता. पावलाला मुंग्या, वर काहीच कळत नाही, असं ती म्हणाली. इटारसीला बाबा शेकायला गरम पाणी मिळतंय का बघायला खाली उतरले आणि मी तिच्या पायाशी उभी राहून बोलून टाकलं.

"आई, ते पत्र मी दिलंच नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. रडली नाही की चिडली नाही. मला वाटतं, चिडायची ताकदच नव्हती.

"का?"

"मला पटत नव्हतं."

"मग तसं सांगायचंस. मी आले नसते. घरी झोपले असते पलंगावर." मग ती म्हणाली, "तुला जे पटत नाही ते तू कर की नको करूस. पण ते माझ्या पाठीवर का केलंस? आणि मला न विचारता?"

मी तिचं पाऊल चोळायला घेतलं.

खिडकीतून बाबा येताना दिसले, हातात पाण्याची बाटली रुमालात गुंडाळलेली. आई घाईने म्हणाली, "यांना सांगू नकोस. कधीच नाही." मला वाटलं, ते माझ्यावर भडकतील म्हणून ती मला वाचवतेय.

जबलपूरला आम्ही सरळ डॉक्टरकडे गेलो. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि अंथरुणातून उठू नका म्हणून सांगितलं. भेडाघाट तिथून तासाभराच्या आत होतं. दोन दिवस आई लॉजच्या पलंगावर छताकडे बघत पडून राहिली. तुम्ही दोघं जाऊन या, ती म्हणत होती. बाबा म्हणायचे, तिघं आलो तर तिघं जाऊ. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पायात जीव आला, पण घाटाच्या पायऱ्या उतरणं शक्य नव्हतं. शेवटी कुणीच गेलं नाही.

परतीचं तिकीटही वेटिंगवर होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी, बाबा अंघोळीला गेल्यावर आई म्हणाली, "पुढाऱ्याच्या ऑफिसात फोन कर."

"मी खालच्या काकांना सांगते करायला."

"नाही. तू कर."

पाकीट माझ्याजवळ होतंच. त्यातल्या लेटरहेडवर ऑफिसचा नंबर होता. मी बाहेर गॅलरीत गेले आणि फोन लावला. कुणीतरी कार्यकर्ता होता, आवाज हसरा. मी बाबांचं नाव सांगितलं.

"अरे, पत्रकवाले काका! तुम्ही त्यांची मुलगी का? पाच-सहा दिवसांपूर्वीच तर आलेले ते."

"ते नव्हते आले. आमचे शेजारी आलेले."

"अहो ताई, मीच होतो ना इथे. दहाला आले ते बारापर्यंत बाकावर. साहेब मीटिंगमध्ये होते. आमची पोरं म्हणाली, आज आमच्याविरुद्ध काय छापलंत, काका? तर म्हणाले, आज बायकोसाठी आलोय. चहा दिला, तोही नाही घेतला." तो हसला. "काय झालं मग? जागा मिळाली ना? आमचं पत्र कधी वाया जात नाही."

आत न्हाणीघरातला नळ बंद झाल्याचं मला ऐकू आलं. बाबांनी दार उघडलं असावं, आई त्यांना टॉवेल कुठे आहे ते सांगत होती.

"पत्र मी दिलं नाही," मी म्हणाले.

"म्हणजे? हरवलं?"

"नाही. दिलं नाही. मला अशी पत्रं चुकीची वाटतात."

 मग तो म्हणाला, "बरं. मग आता फोन कशाला केलात?"

"आईला झोपून यायचंय."

माझ्यामागे दारात बाबा येऊन उभे होते, डोकं ओलं. त्यांनी किती ऐकलं ते मला कळलं नाही. ते आत गेले नाहीत.

"बोला पीएनआर," फोनवरचा माणूस म्हणाला. "सावकाश बोला, लिहून घेतो."

मी एकेक आकडा सांगितला. सहाव्या आकड्याला अडखळले, तेव्हा मागून बाबांनी तो सांगितला.