दोन लेन्सांतली एक

कासारसाईच्या धरणावरून परत येताना सरांनी गाडीतच सांगितलं, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते दोन वर्षांसाठी अमेरिकेला निघणार आहेत आणि त्यांचा डिजिटल कॅमेरा ते मला देऊन जाणार आहेत. मी जीप रस्त्याच्या कडेला घेतली. चालवता चालवता ऐकून घ्यायची ती गोष्ट नव्हती.

"फक्त एक गोष्ट आहे, दादा," ते म्हणाले. "लेन्स दोन आहेत. त्यातली एक माझ्या चुलतभावाला द्यायचीय, त्याला कुठलीही चालेल. म्हणून आधी तुम्ही निवडा. आठ दिवस दोन्ही वापरा आणि एक ठेवा."

कॅमेरा मिळणार म्हणून आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याच्या आधी 'निवडा' ह्या शब्दाशी अडलो.

मी हिंगोली जिल्ह्यातला. नववीत शाळा सुटली, तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. गाडी शिकलो, कारण मामाकडे गाडी होती. हिंजवडीला आलो, कारण गावातला एक जण इकडे चालला होता. जवळच्या चांदे गावात खोली घेतली, कारण रिकामी तेवढीच होती. यात तक्रार काहीच नाही. जे मिळत गेलं ते चांगलंच मिळालं, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मी आजही त्या सगळ्यांचे उपकार आठवतो. पण दोन वस्तू समोर मांडून 'यातलं तुला काय पाहिजे' असं विचारणारा माणूस तिशी उलटेपर्यंत मला भेटला नव्हता.

सर मूळचे सांगलीकडचे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचे. मी कंपनीच्या लोकांची ने-आण करणारी जीप चालवायचो. एका शनिवारी त्यांना पक्ष्यांचे फोटो काढायला धरणावर जायचं होतं, म्हणून गाडीसकट मी गेलो. पहिले काही शनिवार मी स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपा काढल्या. मग एकदा जागा राहिलो, तर माझ्या ध्यानात आलं की सर खाली उतरले की पक्षी उडतात, पण नुसती जीप जवळ गेली तर हलत नाहीत. भीत भीत सांगितलं, "सर, उतरू नका. गाडी त्यांना म्हशीसारखी वाटत असेल." सर हसले, पण उतरले नाहीत. मी इंजिन बंद करून उतारावरून गाडी तशीच पाण्यापर्यंत सोडली. त्या दिवशी त्यांना खंड्याचा असा फोटो मिळाला, की त्याच्या चोचीतल्या मासळीचा डोळासुद्धा दिसत होता.

तेव्हापासून शनिवारची सकाळ आमची झाली. खिडकीच्या काठावर तांदळाची किलोभर पिशवी ठेवायची आणि तिच्यावर लेन्स टेकवायची, म्हणजे हात हलत नाही, ही युक्ती सरांनी मला शिकवली. हळूहळू कॅमेराही माझ्या हातात द्यायला लागले. इंग्रजी मला अक्षरांपुरतं येतं, पण आकडे समजतात. लेन्सच्या आत उजेड येण्यासाठी एक भोक असतं, त्याचा आकडा मोठा केला की भोक लहान होतं, हे उलटं गणित मला सरांच्या तोंडून चार वेळा ऐकूनही कळेना. मग मी मनातल्या मनात त्याला शेताच्या पाटाची मोरी म्हणायला लागलो. मोरीला फळ्या जास्त लावल्या की वाट लहान, मग पाणी जास्त वेळ सोडायचं. झालं, समजलं.

आता त्या दोन लेन्सा. एक लांब, सत्तर ते तीनशेची, पक्ष्यांसाठी. हातात घेतली की पाण्यानं भरलेल्या लोट्याएवढी जड. दुसरी बुटकी, बारा ते चोवीसची, मुलखाचे फोटो काढायची. आकडा जितका लहान तितका मुलूख जास्त मावतो.

ज्याला विचारलं त्यानं लांब लेन्सच ठेवायला सांगितलं. आमच्या घरमालकांनी, म्हणजे चांद्याच्या मूळच्या शेतकऱ्यांनी, दोन्ही लेन्सा दोन हातांत घेऊन बैल पारखतात तशा तोलून पाहिल्या आणि बुटकी माझ्याकडे परत केली. म्हणाले, "ही लई हलकी हाय. दुसरी घे, डायवर. वजनाला हाय ती मालाला हाय." गाड्यांवरचे माझे जोडीदार म्हणाले, की पक्ष्याचा फोटो दाखवला तर माणूस वा म्हणतो, डोंगराचा दाखवला तर विचारतो, हे कुठलं.

मी आठवडाभर दोन्ही वापरल्या. लांब लेन्स घेऊन दोन वेळा एकटाच कासारसाईला गेलो. शेपटी हलवणारे धोबी पक्षी नुकतेच आले होते. फोटो चांगले आले. पण खरं सांगायचं तर सर शेजारी नसताना त्यात मन रमेना. कुठला पक्षी, नर की मादी, हे ओरडून सांगायला कोणी नव्हतं.

रविवारी कंपनीच्या काही जणांना मुळशीच्या तलावाकडे न्यायचं होतं. ते जेवायला बसल्यावर मी बुटकी लेन्स लावून मागच्या टेकाडावर चढलो. पहिला फोटो पाहून वाईट वाटलं. एवढं थोरलं पाणी दोरीएवढं झालेलं, डोंगर ढेकळांसारखे, आणि खाली कोपऱ्यात माझ्याच चपलेचा अंगठा. मग सरांचं बोलणं आठवलं, की ह्या लेन्समध्ये लांबचं सगळं बारीक होतं, म्हणून जवळ काहीतरी ठेवायचं. मी खाली बसलो. पायाशी पिवळी सोनकी फुललेली होती, ती अर्ध्या फोटोत घेतली. तिच्यामागे भाताची खाचरं, त्यामागे पाणी, डोंगर, ढग. बटण दाबलं, मागच्या पडद्यावर बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिलो.

घरून फोन आला की वडील दर वेळी विचारायचे, तिकडं कसं हाय. मी म्हणायचो, बरं हाय. सात वर्षं एवढंच सांगत होतो. त्यांचे गुडघे दुखायचे, एसटीचा चौदा तासांचा प्रवास त्यांच्यानं होणार नव्हता. मला मुळशी तोंडानं सांगता येत नव्हती. ती त्या पडद्यावर आली होती. त्या दिवसापासून मी बुटकी लेन्स काढलीच नाही. खोलीच्या गच्चीवरून घरमालकांच्या भाताचा फोटो काढला, त्यांचा गोठा काढला, माले गावाकडून येणारा रस्ता काढला.

बुटकी ठेवायची हे मनातून ठरलं होतं. पण सरांना सांगायचा धीर होत नव्हता. सरांचा सगळा जीव पक्ष्यांत. त्यांची लांब लेन्स नको म्हटलं तर त्यांना काय वाटेल? आणि लांब मागितली तर हावरा दिसेन. दोन्हीकडून माझंच चुकणार, अशी मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

दसऱ्याच्या सकाळी घरमालकीण मावशींनी ओट्यावर पाट मांडून विळे, कुदळ, नांगराचा फाळ धुऊन ठेवले आणि मला हाक मारली, तुझी हत्यारं आण. मी गाडीची किल्ली, नटबोल्टचे पाने, कॅमेरा आणि लांब लेन्स असं सगळं मांडलं. बुटकी कॅमेऱ्यालाच लावलेली होती. मग मी जीप धुवायला गेलो. झेंडूचा हार बांधून परत येतो तर लांब लेन्स गडव्यासारखी उभी, तिचं झाकण बाजूला काढलेलं, आणि काचेवर ओल्या हळदीकुंकवाची पाच बोटं, वर अक्षता.

मी धावत जाऊन लेन्स उचलली. मावशींना काही समजेना.

"झाकण घालून पूजा करत्यात व्हय कुटं?" त्या म्हणाल्या. "देवाला दिसाया नको?"

मी खोलीत जाऊन शर्टाच्या टोकानं काच पुसली. कुंकू पसरलं, हळद कडेच्या खाचेत गेली आणि अक्षतांतला खडा काचेवर घासून दोन बारीक ओरखडे उठले. उजेडात तिरपं धरलं की स्पष्ट दिसायचे. दुसऱ्याची वस्तू. तीही चुलतभावाला जायची.

मग ठरवावं लागलंच नाही. जी माझ्या हातून खराब झाली ती मी ठेवायची आणि चांगली परत द्यायची. संध्याकाळी आपट्याची पानं आणि कॅमेऱ्याची पिशवी घेऊन सरांच्या घरी गेलो. खोक्यांवर चिकटपट्टी मारणं चाललं होतं. सोनं दिलं, नमस्कार केला आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की मी लांब लेन्स ठेवतो, बुटकी भावाला द्या.

सर खूश झाले. म्हणाले, आठवड्याचे फोटो तर बघू, आणि कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. एकामागून एक फोटो पुढे ढकलत राहिले. धोबी आले, संपले. मग डोंगर, भात, पाणी, भात, गोठा, रस्ता, पाणी.

"दादा, पक्ष्यांचे चौदा आहेत," ते शेवटी म्हणाले. "हे बाकीचे दीडशे बुटक्या लेन्सनं काढलेत. मग लांब कशाला?"

मी म्हणालो, सगळे लांबच चांगली म्हणतात.

"मी सगळ्यांना नाही विचारलं."

तेव्हा मी पिशवीतून लेन्स काढून त्यांच्यापुढे ठेवली. मावशी, झाकण, अक्षता, शर्टाचं टोक, सगळं सांगितलं. मान वर करवत नव्हती. सरांनी लेन्स दिव्याखाली धरली, नखानं कडेची हळद खरवडली आणि मग बरणीचं झाकण फिरवतात तशी ती पुढची काच फिरवायला लागले. मी हात पुढे केला, मोडेल म्हणून. दोन फेऱ्यांत पिवळी, ओरखडलेली, चपटी काच त्यांच्या हातात आली आणि तिच्याखाली खरी काच, विहिरीच्या पाण्यासारखी स्वच्छ.

"ही नुसती वरची काच," ते म्हणाले. "धूळ लागू नये म्हणून लावतात. तीन वर्षांत हे सांगायचंच राहिलं माझ्याकडून." मग त्यांना हसू आवरेना. "मावशींनी तीन वर्षांत पहिल्यांदा हिची नीट पूजा केली. मी नुसता चिखल उडवायचो तिच्यावर."

मलाही हसू आलं, पण रडल्यासारखं. हसणं थांबल्यावर त्यांनी दोन्ही लेन्सा खोक्यावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि परत तोच प्रश्न विचारला. काही सुचवलं नाही, मदत केली नाही. नुसते थांबले, धरणावर जीपमध्ये आम्ही थांबायचो तसे. मी बुटकीकडे बोट केलं. मग बोट केलं हे बरं दिसलं नाही असं वाटून तोंडानंही म्हणालो, "मला ही पाहिजे."

"का?" त्यांनी विचारलं.

"घरी दाखवायचंय, मी कुठं राहतो ते."

ते म्हणाले, झालं मग, आणि लांब लेन्स त्यांनी टॉवेलात गुंडाळून भावाच्या खोक्यात टाकली. मनात किती दिवस धरून ठेवलेली गोष्ट होती आणि ती सांगायला दोन वाक्यं लागली.

पुढच्याच आठवड्यात पौडला एका स्टुडिओत मी दोन मोठे फोटो छापून घेतले, एक मुळशीच्या पाण्याचा आणि एक गच्चीवरून काढलेला घरमालकांच्या भाताचा. गावाकडचा एक जण निघाला होता, त्याच्याबरोबर पाठवून दिले. तीन दिवसांनी वडिलांचा फोन आला.

"ते तळं चांगलंय," ते म्हणाले. "पण ही साळ कुणाची हाय? उजव्या कोपऱ्याला बांधाखाली पाणी साचायलंय, पीक तिथं लोळायलंय. त्याहीला सांग, बांधाला वाट करून द्या म्हणाव."

आमच्याकडे कापूस आणि तूर. वडिलांनी साळ, म्हणजे भात, जन्मात लावलेली नाही. पण मी निरोप्या. घरमालकांना सांगितलं, वर माझ्याजवळ ठेवलेली फोटोची दुसरी प्रत दाखवली.

"तुज्या बापानं कवा भात क्येलंय का?" घरमालकांनी विचारलं.

"न्हाई. कापूस."

"मग गप बसा म्हणावं. हितलं पानी आमाला ठावं हाय."

पण फोटो त्यांनी परत दिला नाही. दारात उजेडाला नेला आणि उजवा कोपरा डोळ्यांजवळ धरून बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीप काढत होतो, तर ते त्या कोपऱ्यात गुडघाभर चिखलात कुदळ मारत होते. पाणी खळखळत खालच्या ओढ्याला चाललं होतं. मला बघून सरळ उभे राहिले आणि कपाळाचा घाम पुसला.

"कापनी झाली की गच्चीवरनं परत एक फोटू काड," ते म्हणाले. "आन् धाड त्यास्नी. बगू दे, आता काय खोड काडत्यात."