ढब्बू अक्षरांची पाटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. आत्ता तुम्हाला सांगतेय तर हात गार पडलेत — बघा ना, चार वर्षं झाली, तरी भीती काही जुनी होत नाही.

भूममध्ये एसटी स्टँडजवळ माझं बॅनरचं दुकान आहे. माझ्या कॉम्प्युटरवर एक फाँट आहे — गुबगुबीत, फुगलेली, कार्टूनसारखी अक्षरं. मी त्याला ढब्बू म्हणते. बारसं, वाढदिवस, आइस्क्रीमची गाडी, सगळीकडं ढब्बू. आमच्या गावातल्या अंगणवाडीचे तक्तेही मी ढब्बूतच केले. हौसेनं अक्षरांच्या पोटात डोळे काढले. पोरं त्यांच्यावर बोट फिरवत वाचायला शिकली. केवढं कौतुक वाटायचं मला!

तक्ते केले त्याच आठवड्यात गावातले सोपानकाका आले. त्यांनी रानात शेततळं केलेलं. आत सगळा प्लास्टिकचा कागद, गुळगुळीत — पाय सरकला की वर येता येत नाही. म्हणून काठावर लावायला पाटी हवी होती. "लाल भडक कर माय, बघितलं की धसका बसला पाहिजे," म्हणाले. स्पष्ट म्हणाले. अजून कानात आहे.

आणि मी काय केलं? लग्नसराई, कामं तुंबलेली. अंगणवाडीची फाइल समोर उघडीच होती. तिच्यातच 'खोल पाणी, लांब राहा' टाइप केलं नि प्रिंट काढली. डोळेही तसेच राहिले. मला दिसले होते ते — खोटं कशाला बोलू? म्हटलं, रानात कोण बघतंय.

काकांनी माझ्यावर विसंबून पाटी तशीच लावली. काही महिन्यांनी शेजारच्या रानातल्या आरूनं ती बघितली. सहा वर्षांची पोर. अक्षरं तिच्या ओळखीची. बोट फिरवायला जवळ गेली — आणि घसरली. शेळ्या चारणाऱ्या एका बाईनं साडी सोडून तिच्याकडं फेकली, ओढून काढली. वाचली, देवाची कृपा. दोन दिवस बोलली नाही. मग आईला म्हणाली, "म्या ख वाचत होते."

तिचे वडील पाटी उपटून थेट दुकानात आले. मागं गावातली माणसं, त्यांच्यात काकाही. असली पाटी करायला कुणी सांगितलं, म्हणून ओरडले. दुकान फोडतील? पोलीस आणतील? आणि मी — मी म्हणाले, "काकाच म्हणाले, पोरांना आवडतील अशी अक्षरं कर."

काका माझ्याकडं बघत राहिले. मग सगळे त्यांच्यावर तुटून पडले, तेव्हा त्यांनी तिथंच हात जोडले. महिन्याभरात तळं बुजवलं. गावात अजून त्यांच्या अंगणात कुणी पोर खेळायला पाठवत नाही.

तेव्हापासून दुकानाच्या दारात सावली पडली की छातीत धडधडतं. काका असतील का? आज विचारतील का?

परवा खरंच आले. नातीच्या वाढदिवसाचा बॅनर करायचा होता. ते स्टुलावर टेकले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अक्षरं तूच ठरीव माय," म्हणाले. "मला त्यातलं कळत न्हाय. लई इचार केला म्या. त्या टायमाला म्याच कायतरी उलटं सांगितलं आसंन. व्हय ना?"

मी कॉम्प्युटरकडं बघत होते.

"व्हय काका," म्हणाले.