नेट पाडणारी पोरगी

पोलादपूरजवळच्या कापडे गावच्या बौद्धवाडीतली दीप्ती ही भिकाजी आणि मंजुळा यांची एकुलती एक मुलगी. भिकाजी महाडच्या एका शाळेत शिपाई होते. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यावरची धूळ पुसायचं काम त्यांच्याकडे होतं. पुढे मुलगी त्याच विषयात इंजिनियर झाली, आणि एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही ते सांगू लागले, "माझी पोर नेट चालवते."

ते खोटं नव्हतं. पोलादपूर-महाडकडच्या बऱ्याच घरांत राजेंद्रशेठचं नेट होतं, आणि शेठच्या महाडच्या ऑफिसात त्यातलं कळणारी एकटी दीप्तीच होती. शेठ मूळचे केबलवाले. वायर, खांब, वसुली त्यांना तोंडपाठ. त्यापुढचं सगळं ते तिच्यावर सोडून देत.

इंटरनेटवरचे मोठे राउटर एकमेकांना सतत निरोप धाडत असतात: अमुक ठिकाणी जायचं तर माझ्याकडून रस्ता आहे. हे निरोप वाचणारा शेठच्या राउटरवरचा प्रोग्राम फुकटातला होता. फुकटातला म्हणजे वाईट नव्हे. जगभरातली माणसं तो मिळून लिहितात, कुणालाही तो उघडून वाचता येतो. यंदा फेब्रुवारीत त्यात एक दोष असल्याचं जाहीर झालं. एका विशिष्ट तऱ्हेने बिघडलेला निरोप आला की तो बाजूला टाकण्याऐवजी प्रोग्राम स्वतःच बंद पडायचा, आणि त्याच्याबरोबर मागचं सगळं नेट. दुरुस्त केलेली आवृत्तीही लगेच निघाली होती.

दीप्ती शेठकडे गेली. "एखाद्या पहाटे थोडा वेळ नेट बंद ठेवावं लागेल. नवीन आवृत्ती टाकते."

"आत्ता चालतंय ना?"

"चालतंय, पण..."

"मग चालू दे की. बंद केलं आन् उठलंच नाय तर? परीक्षा हायत, मग क्रिकेट हाय. बघू नंतर."

तिने पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. शेवटी एके दुपारी तिने माळ्यावरचे दोन जुने राउटर खाली काढले, टेबलावर एकमेकांना जोडले आणि शेठना बोलावलं. बाहेरच्या नेटशी त्या राउटरांचा काही संबंध नव्हता. तिने एका राउटरवरून दुसऱ्याला तो बिघडलेला निरोप पाठवला. स्क्रीनवरची रस्त्यांची यादी क्षणात कोरी झाली.

शेठ स्क्रीनजवळ वाकले. "हे तू केलंस?"

"कुणीही करू शकेल. म्हणून तर दाखवलं."

"बाहेर कुणाला दाखवू नको," एवढंच म्हणून ते जेवायला घरी गेले. आता तरी परवानगी मिळेल, असं दीप्तीला वाटलं. मिळाली नाही.

जूनमध्ये कॉलेजच्या प्रवेशअर्जांचा शेवटचा दिवस होता. सकाळीच नेट गेलं, आलं, पुन्हा गेलं. ऑफिसातला फोन वाजायचा थांबेना. दीप्तीने नोंदी उघडल्या तर तोच निरोप. कुठल्याशा दूरच्या देशात कुणाचा तरी राउटर चुकला होता, आणि त्याची चूक हातोहात पुढे सरकत महाडपर्यंत आली होती. कुणाचा त्यात काही डाव नव्हता.

"मला आत्ता आवृत्ती बदलू द्या," ती म्हणाली.

"तू हात लावायचा नाय," शेठ ओरडले. त्यांनी पुण्याहून माणूस बोलावला. तो संध्याकाळी पोचला आणि समोरचा चहा गार व्हायच्या आत त्याने तीच नवीन आवृत्ती टाकली. नेट सुरू झालं.

पण दिवस गेला होता. मोबाइलला रेंज नसलेल्या गावांतल्या कितीतरी मुलांचे अर्ज राहिले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचे आईबाप ऑफिसात घुसले, तेव्हा शेठनी दीप्तीकडे बोट केलं. "आमच्याच माणसानं घात केला. माझ्या डोळ्यांदेखत हिनं करून दाखवलं होतं. तुम्हा लोकांना विश्वासानं जागा द्यावी तर..." कोण लोक, ते त्यांनी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

पोलिसांत तक्रार झाली. वाडीत जीप आली आणि दीप्तीचा लॅपटॉप घेऊन गेली. ठाण्यातल्या पोलीस साहेबांनी शांतपणे विचारलं, "हा दोष तुम्हाला माहीत होता?"

"हो."

"तो वापरायचा कसा, तेही?"

"हो, पण मी तर..."

"तेवढं पुरे."

खरं काय ते पोलिसांना सांगा म्हणून तिने नेट दुरुस्त करणाऱ्या पुण्याच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "मी फक्त दुरुस्ती केली, मॅडम. आधीचं मला काही माहीत नाही." त्याआधीच पुण्यातल्या एका कंपनीत नोकरीसाठी तिची निवड झाली होती, त्यांनी चौकशी संपल्यावर या म्हणून कळवलं. कापड्यातल्याही मुलांचे प्रवेश हुकले होते. पोलादपूरच्या बाजारात बायका तिच्याकडे बघून कुजबुजायच्या, "तीच गो, नेट पाडणारी पोरगी." मंजुळाने बचत गटाच्या बैठकीला जाणं सोडलं.

एके दिवशी भिकाजी इस्त्रीचा शर्ट घालून कुठेसे गेले आणि दुपारी एक कागद घेऊन परतले. चेहरा उजळलेला होता.

"शेठ तक्रार मागं घेतायत. एवढ्यावर सही कर."

दीप्तीने वाचलं. माझ्या हातून झालेल्या प्रकाराबद्दल मी माफी मागते.

"बाबा, माझ्या हातून काही झालेलं नाही."

"मला म्हाईत हाय गो."

"मग सही कशाला?"

भिकाजींचा आवाज खाली आला. "जीप आली तवापासनं तुझी आय धड जेवली नाय. मी त्याच्या पायरीवर हात जोडून हुभा ऱ्हायलो, दीप्ते. ते वाया घालवू नको."

कुणापुढे हात जोडू नको, हे तिला लहानपणापासून याच माणसाने शिकवलं होतं. तिने सही केली.

तक्रार मागे गेली. भिकाजींनी पेढे आणले, वाडीत घरोघरी वाटले. "सुटली माझी पोर," ते सांगत होते. दीप्तीने हातावर ठेवलेला पेढा खाल्ला.

आठवड्याभरात पुण्याच्या कंपनीतून फोन आला. "तुम्ही लेखी कबूल केलंय म्हणे?" तिने समजावायला सुरुवात केली, आणि पलीकडची बाई मध्येच म्हणाली, "सॉरी, आम्हाला जमणार नाही." त्या फोनबद्दल तिने घरी सांगितलं नाही. बोलावणं कधी येईल, असं भिकाजी अजून विचारतात. येईल, म्हणून ती सांगते.

सध्या ती पोलादपूरच्या एका दुकानात झेरॉक्स काढते. तिथलं नेट मंदावलं की गिऱ्हाईक विचारतं, "ताई, काय झालं असंल हो?"

"मला त्यातलं काय कळत नाय," ती म्हणते, आणि पुढचा कागद काचेवर ठेवते.