गाडी थांबंल, असं धर्मसिंग म्हणाला

धर्मसिंग राठोड रेल्वेचा नोकर नव्हता. तरी तांड्यातली माणसं त्याला 'मास्तर' म्हणत. हिंगोली आणि वसमतच्या मधे, माळावर, बोरतांडा हॉल्ट नावाचा एक लहानसा थांबा होता. पत्र्याची एक खोली, बाहेर कडुनिंब आणि नावाची पाटी. अशा थांब्यावर रेल्वे स्टेशनमास्तर ठेवत नाही. गावातल्याच एखाद्या माणसाला कमिशनवर तिकिटं विकायला देते. पुठ्ठ्याची ती तिकिटं मोठ्या स्टेशनवरून आणायची, गाडी आली की विकायची आणि उरलेल्या वेळात आपली शेती बघायची. धर्मसिंग हे काम पंधरा-सोळा वर्षं करत होता. गाडी मीटरगेजची, लहान डब्यांची, रमतगमत जाणारी. दिवसातून दोनदा यायची आणि दोनदा जायची. तांड्यातल्या बायका तीत बसून दूध, सीताफळं, लाकडाच्या मोळ्या हिंगोलीला नेत, आणि सातवीच्या पुढं शिकणारी चार-पाच पोरंही त्याच गाडीनं शाळेत जात.

मी हिंगोलीच्या एका शाळेत कारकून होतो. माझं नाव विश्वंभर. धर्मसिंगची न् माझी ओळख झाली ती त्याची मुलगी गेल्यानंतर.

सालाचं म्हणाल तर पंच्याण्णव. भादव्यात त्याची थोरली मुलगी निता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एकोणीस वर्षांची. कळा सुरू होऊन दिवस उलटला तरी सुटका होईना, म्हणून तिला हिंगोलीला आणलं. डॉक्टरनं तपासून सांगितलं, इथं जमणार नाही, नांदेडला न्या. कयाधूला पूर आला होता, कळमनुरीचा रस्ता बंद होता, जीपवाले नाही म्हणाले. राहिली गाडी. पण आमची गाडी नांदेडला जात नव्हती. ती पूर्णेला संपायची. तिकडं पुढं मोठी लाईन; पूर्णेला उतरून पलीकडच्या फलाटावर दुसरी गाडी धरायची.

ती सकाळ धर्मसिंगनं मला पुढं अनेकदा सांगितली, दर वेळी त्याच क्रमानं. समोरून येणारी गाडी निघावी म्हणून आपली गाडी मधल्या स्टेशनात पाऊण तास उभी. पूर्णेला उतरले तेव्हा नांदेडची गाडी पलीकडं दिसत होती. निताला बाजेवर घालून चौघांनी पुलाचे जिने चढायला घेतले. बाज वळणावर अडकली. ती उभी करता येईना, आडवी नेता येईना.

"पुलावरून मला गाडी सुटताना दिसली, भाऊसाहेब," तो म्हणायचा. "शेवटचा डबा दिसेस्तोर बघत राहिलो. निता म्हणाली, बा, आली का गाडी? मी म्हणालो, येऊन राहिली."

पुढची गाडी तीन तासांनी होती. निता दोन तासांनी गेली. बाळ पोटातच गेलं.

त्यानंतर वर्षभर धर्मसिंग फारसा कुणाशी बोलला नाही. सत्त्याण्णव साली आम्ही काही माणसांनी हिंगोलीत रेल्वे समिती काढली. मागणी एकच, लहान लाईन काढा, मोठी टाका, म्हणजे गाडी सरळ नांदेडला, सरळ हैदराबादला जाईल. व्यापाऱ्यांना माल पाठवायचा होता, वकिलांना मुंबई गाठायची होती, मला सभांचं टिपण ठेवायची हौस होती. पहिल्याच सभेला एक काळासावळा, उंच माणूस मागं भिंतीला टेकून उभा होता. सगळ्यांची भाषणं झाल्यावर तो पुढं आला.

"मला लई बोलता येत न्हाई," तो म्हणाला. "माझी पोरगी पूर्णेच्या फलाटावर मेली. गाडी बदलावी लागली नसती तर जगली असती. कुणाला काय पायजे ते मला ठावं न्हाई. मला फकस्त एवढंच पायजे, की लेकराला घेऊन कुणाला तो पूल चढावा लागू नये."

एवढं बोलून तो खाली बसला. समितीला त्या दिवशी खरा माणूस मिळाला.

पुढची चार वर्षं मी त्याच्याइतकं राबताना कुणाला पाहिलं नाही. सकाळची गाडी गेली की तो सायकलीवर निघे. डोंगरकडा, कुरुंदा, हट्टा, मधले सगळे तांडे त्यानं पालथे घातले. सह्या आणि अंगठे घेतलेले कागद तो माझ्या टेबलावर आणून ठेवी. रेल रोको झाला तेव्हा इंजिनापुढं बसलेल्यांत तोही होता. रेल्वेचाच एजंट रुळावर बसला म्हणून त्याला नोटीस आली. ती त्यानं घडी करून खिशात घातली आणि मला म्हणाला, "काढायचं तर काढू द्या. काम तर लाईनीचंच करून राहिलो ना मी?"

त्याच्या बायकोला, जिवनबाईला, हे पटत नव्हतं असं नाही. ती एवढंच म्हणे, "लेकीच्या नावानं फिरता, पर घरात तिचं नाव काढत न्हाई तुमी."

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात आमचं शिष्टमंडळ सिकंदराबादला रेल्वेच्या मोठ्या कचेरीत गेलं. साहेबांनी चहा दिला, काम मंजुरीच्या वाटेवर आहे असं सांगितलं. सगळे खूश होऊन बाहेर आले. मी मागं राहिलो होतो. एका कारकुनाशी माझी गट्टी जमली होती, कारकुनांची जमतेच. त्यानं मला फाईल दाखवली. तीत थांब्यांची एक यादी होती. मोठी लाईन झाल्यावर ज्या हॉल्टवर विक्री कमी, तिथं नवा फलाट बांधायचा नाही, तो थांबा बंद करायचा. यादीत सहावं नाव बोरतांड्याचं होतं.

बाहेर व्हरांड्यात बाकावर धर्मसिंग माझी वाट बघत बसला होता. फाईल इंग्रजीत होती, त्याला वाचता आली नसती. मी गप्प बसू शकलो असतो. पण सांगितलं.

त्यानं यादीतला नंबर पुन्हा विचारून घेतला. मग म्हणाला, "आपण म्हणालो, आमचा हॉल्ट ठेवा, तर?"

"तर नव्यानं प्रस्ताव जाईल. मोजमाप, खर्च. वर्ष जाईल, दोन जातील."

"लाईन अडकंल?"

"अडकेलच असं नाही. अडकू शकते."

"दोन वरसांत किती बाया पूर्णेला उतरतील, भाऊसाहेब?"

त्यानं डोक्यावरचा पटका काढला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. मागू नका."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. मला ती लाईन हवी होती, आणि लवकर हवी होती. माझी बायको गंगूताई हृदयाच्या दुखण्यानं आजारी होती आणि तिला दर महिन्याला नांदेडला न्यावं लागे.

"तांड्यात सांगायला पाहिजे," मी म्हणालो.

"मी सांगीन."

त्यानं सांगितलं नाही. आणि मीही नाही.

पुढं मोजणीवाले आले. बोरतांड्याजवळचं एक वळण सरळ करायचं होतं, त्यात पाच घरांच्या शेताची कड जात होती. सगळ्यात जास्त थावरा नाईकाची. थावरा तांड्याचा नाईक, सत्तरीचा, शब्दाला पक्का. त्यानं सही करायला नकार दिला. नाईक अडला म्हणजे तांडा अडला. मोजणीचं काम थांबलं, तेव्हा समितीनं धर्मसिंगला आणि मला तांड्यात पाठवलं.

थावराच्या अंगणात सगळे जमले. त्यांचं आपसातलं बोलणं गोरमाटीत, त्यांच्या बंजारा बोलीत, चाललं होतं, पण मला कळावं म्हणून थावरा मराठीत बोलला.

"जिमीन जाईल, ते समजलं. पैसा देतील, ते बी समजलं. एकच इचारतो. मोठी गाडी आपल्या इथं थांबंल का?"

धर्मसिंग उभा होता. त्याच्या शेजारी थावराचा मुलगा जगन, आणि जगनच्या मुलीच्या, शिलाच्या, हातात आम्हाला द्यायला आणलेला पाण्याचा तांब्या.

"थांबंल," धर्मसिंग म्हणाला.

थावरानं माझ्याकडं पाहिलं. मी शिलाच्या हातातला तांब्या घेतला आणि पाणी प्यायलो.

सह्या झाल्या.

लहान गाडी बंद झाली, रूळ उखडले. काम रखडलं, पुन्हा सुरू झालं. त्या काळात धर्मसिंगला उत्पन्न नव्हतं, पण तो रोज खडी पडते तिथं जाऊन उभा राहायचा. एक दिवस मजुरांनी पत्र्याची खोली पाडली. तांड्यात कुणी विचारलं तर म्हणायचा, नवी बांधतील.

दोन हजार आठमध्ये मोठ्या लाईनीवरून पहिली गाडी आली. हिंगोलीत मंडप होता, पेढे होते. समितीच्या माणसांना हार घालणार होते आणि धर्मसिंगचं नाव त्या यादीत माझ्याच अक्षरात होतं. तो हिंगोलीला आला नाही. तांड्यात काय होणार ते त्याला माहीत होतं आणि त्या वेळी तांड्यात असायचं त्यानं ठरवलं होतं. मी पेढे सोडून एका ओळखीच्याच्या मोटारसायकलवर मागं बसून तिकडं गेलो.

सगळा तांडा रुळाच्या कडेला उभा होता. म्हाताऱ्या बायांनी जुने आरशांचे घागरे घातले होते. थावराच्या हातात नारळ होता. गाडी वळणावरून, त्याच्याच शेतावरून, आली. शिट्टी दिली. डबे एकामागून एक गेले, एवढे मोठे आणि एवढ्या जवळून की लुगड्यांचे पदर उडाले. कुणीतरी पोरानं हात हलवला. गाडी गेली.

लोकांना वाटलं, पुढं जाऊन थांबेल. ते थोडा वेळ तिकडं बघत राहिले.

मग थावरा वळला. धर्मसिंग सगळ्यांच्या मागं उभा होता.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"कवापासून?"

"सही घेतली त्याच्या आदीपासून."

कुणी ओरडलं नाही, कुणी अंगावर धावलं नाही. थावरानं नारळ खाली ठेवला आणि तो घराकडं चालू लागला. त्याच्यामागं एकेक करून सगळे गेले. जिवनबाई शेवटी गेली. मी दहा पावलांवर उभा होतो. एवढंच बोलायचं होतं, की मलाही माहीत होतं. धर्मसिंगनं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली, बोलू नका अशी. आणि मी त्याचं ऐकलं. ऐकायला मला सोपं होतं.

पुढं जे झालं ते हळूहळू झालं. जवळचं स्टेशन आता नऊ किलोमीटरवर. दुधाच्या बायांनी म्हशी विकल्या. गाडी बंद होती त्या काळात शाळेची पोरं हिंगोलीत कुणाकुणाकडं राहून दिवस काढत होती, गाडी सुरू झाली की घरून जाऊ या आशेवर. ती आशा संपली आणि पोरं घरी बसली. शिला तेव्हा नववीत होती. आमच्याच शाळेत. तिचे कागद मीच सांभाळायचो, वर्गात तिचा नंबर दुसरा होता.

धर्मसिंग एका सकाळी सायकल घेऊन जगनच्या दारात गेला.

"शिलाला मी स्टेशनावर सोडीन. रोज. आणीन बी मीच."

जगननं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी धर्मसिंग पुन्हा गेला. मग तिसऱ्या दिवशी. महिनाभर तो त्या दारात शाळेच्या वेळेला उभा राहिला, मागच्या कॅरिअरला पोतं घडी करून बांधलेलं, पोरीला टोचू नये म्हणून. एकदा शिला दप्तर घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. आजानं आतून हाक मारली, ती परत गेली. माघात तिचं लग्न लावलं, ऊसतोडीला जाणाऱ्या एका घरात. त्यानंतर धर्मसिंग त्या गल्लीत गेला नाही.

जिवनबाई एकदा माझ्याकडं आली होती. दारातच उभी राहिली, आत आली नाही.

"तुमाला ठावं व्हतं का, भाऊसाहेब?"

तिच्यापुढं मात्र मी खोटं बोलू शकलो नाही.

ती म्हणाली, "माझी निता लई मायाळू व्हती. समद्या तांड्याची गाडी काढून मला वाचवा, आसं ती कवाच म्हणाली नसती. तुमी दोघं बाप्ये तिला न इचारता ठरवून बसले."

त्या वर्षी नवरा-बायकोनं तांडा सोडला. हट्ट्याला एका हळदीच्या गोदामावर धर्मसिंग राखण करायला राहिला आणि जिवनबाई हळद निवडायला. एका पावसाळ्यात त्याला ताप भरला, तो उतरलाच नाही. मला चार दिवसांनी कळलं. तांड्यातून कुणी आलं होतं का, असं मी जिवनबाईला विचारलं. ती म्हणाली, "कुणाला सांगितलंच न्हाई."

गंगूताईला घेऊन मी महिन्यातून एकदा हिंगोलीत गाडीत बसतो आणि नांदेडला उतरतो. कुठं बदलावी लागत नाही. ती खिडकीशी झोपते. गेल्या दोन वर्षांत त्याच गाडीनं तीन अडलेल्या बाया वेळेवर नांदेडला पोचल्या, हे मी स्वतः पाहिलं आहे. धर्मसिंगला सांगायला हवं होतं, असं वाटतं.

तो गेल्यावर दोन महिन्यांनी मी नऊ किलोमीटर चालत बोरतांड्याला गेलो. थावरा गोठ्यात म्हशीला पेंड देत होता. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की धर्मसिंग गेला, आणि हॉल्ट बंद होणार हे त्याला सहीच्या आधी मीच सांगितलं होतं.

थावरानं घमेलं खाली ठेवलं.

"त्यानं तुमचं नाव कवाच घेतलं न्हाई," तो म्हणाला. "मंग तुमी आजवर काहून गप ऱ्हायले?"

त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मग घमेलं उचललं आणि दुसऱ्या म्हशीकडं वळला.