रोडाकडे पाठ

माझी मोठी आत्या पाहुण्याला पाण्याचा गडवा द्यायच्या आधी विचारायची, "कोनं पाठवलं तुले?" पाहुणा कोणीही असो. मी तिची सख्खी भाची, गोंदियाहून एसटीत धक्के खात येणारी, तरी मलासुद्धा हा प्रश्न चुकला नाही. "बाबांनी पाठवलं," म्हटलं की पुढचा तयार: "काऊन? त्याचं काय अडलं माह्यापाशी?" गाव तिला सीआयडी बाई म्हणायचं. तिला ते कळायचं आणि आवडायचंही.

तिचं घर सडक अर्जुनीच्या पुढे, नागपूर-रायपूर हायवेला अगदी लागून. कवेलूचं कौलारू छप्पर, शेणाने सारवलेलं आंगण आणि आंगणात एक खाट. ही खाट तिने अशी टाकलेली असायची की बसणाऱ्याचं तोंड घराकडे आणि पाठ रोडाकडे. मला वाटायचं, धुळीसाठी असेल. कसली धूळ! रोड मोठा होणार अशी बातमी आली, रोडाकाठच्या घरांचे भाव चढले, तेव्हापासून ती आत्याची तपासणी होती. "घर पाहाले आलेला मानूस घराकडं पाहते," ती म्हणायची. "जागा पाहाले आलेल्याची मान मांगं वळते. ट्रक वाजला का वळतेच."

एकदा एक गृहस्थ पेढ्यांचा डबा घेऊन आले. पुतणीसाठी स्थळ बघतोय, तुमच्या प्रमोदचं नाव कानावर आलं, म्हणाले. प्रमोद हा आत्याचा एकुलता एक मुलगा, तेव्हा नुकताच नागपूरला नोकरीला लागलेला. बोलता बोलता गृहस्थ सारखे मागे वळत होते. आत्याने पेढ्यांचा डबा उचलला आणि त्यांच्या हातात परत दिला. "पोरगी रोडावर उभी हाय काय? मंग जा, तिकडंच पाह्य." मला हसू आवरेना. तो प्लॉटचा दलाल होता, हे पुढे गावभर झालं.

दलालांचं ठीक होतं. पण प्रमोदचं लग्न झालं, मूल झालं, आणि नागपुरात भाड्याच्या खोल्यांत त्याचा जीव गुदमरायला लागला. घर विकावं, तिकडे फ्लॅट घ्यावा, आईला सोबत न्यावं, असं त्याचं म्हणणं. त्यात काही चूक नव्हती, हे मी आत्याला तोंडावर सांगितलंय. पण तिला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, आणि ती विचारायची तिला भीती वाटत होती: पोरगा मला न्यायला येतो की जागेला?

त्या दिवाळीत तो आला तेव्हा तिने त्याला खाटेवर बसवलं आणि चहा टाकायला आत गेली. तो माझ्याशी तिच्या गुडघ्यांबद्दल बोलत होता, नागपूरच्या डॉक्टरांचं सांगत होता. एवढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला आणि त्याची मान वळली. वळली ती लवकर परतेचना. रोडापासून कुंपणापर्यंतची जागा तो डोळ्यांनी मापत होता. आत्या चहा घेऊन दारात उभी होती. "पाहून घे बापू," ती म्हणाली. "चाय थंडी झाली तं होऊ दे."

त्यानंतर प्रमोद आला की त्याच्यासाठी खाट नाही, ओसरीच्या छपरीत प्लास्टिकची खुर्ची. पोटच्या पोराला! माझा संताप झाला. अगं, ट्रक वाजला की कोणाचीही मान वळेल, माझीसुद्धा वळते, असं मी तिला ओरडून म्हटलं. "तुही वळते," ती शांतपणे म्हणाली, "पन तू लगेच वापस येते."

मग रोड झाला, आणि भलताच झाला. आत्याच्या घरापुढूनच पूल चढला. त्याच्या भरावाची उंच सिमेंटची भिंत थेट आंगणासमोर उभी राहिली. हायवेवर जायचं तर लांबच्या बोगद्यातून वळसा घालायचा. रोडाकाठचं घर रोडापासून तुटलं आणि भाव धाडकन पडला. दलाल फिरकेनासे झाले. म्हातारीने हातचं सोनं घालवलं, असं गाव म्हणू लागलं. आत्या मात्र खूश होती. "आता कोनी येईल तं मलेच पाहाले येईल," म्हणायची, आणि खाट रोज झाडून ठेवायची.

प्रमोद येईना. पोराची शाळा, ऑफिसात सुट्टी नाही, फोनवर काही ना काही निघायचं. आत्या मला विचारायची, "खरंच सुट्टी नसन काय वं?" जिला साऱ्या जगाचा संशय यायचा, तिला या एका बाबतीत संशय नको होता. मी म्हणायचे, "नसेल गं." माझा काही विश्वास नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात आत्या गेली. तेरवीला माणसं पांगल्यावर प्रमोद एकटाच त्या खाटेवर जाऊन बसला. समोरच्या कवेलूंकडे बघत तो हुंदके देत होता. मी त्याच्यासाठी चहा घेऊन दारात आले. तेवढ्यात वर पुलावर ट्रकने हॉर्न दिला, आणि मी, हो मीच, त्याची मान बघत थांबले.

मान वळली नाही. मला भरून आलं. आणि लगेच मनात आलं, वळून बघणार तरी काय? मागे भिंतच तर आहे.

आत्या असती तर तिने ओळखलं असतं. मला ओळखता येईना. मी तशीच उभी राहिले, आणि चहा हातातच थंड झाला.